औषधाला दाद न देणारा जंतू आणि आपली हजेरीवही

(बैठकीत वाचायचा पाठ. एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावे. जिथे ‘थांबा आणि बोला’ असे लिहिले आहे, तिथे पुस्तिका खाली ठेवून बोलावे. साधारण पाऊण तास लागेल.)





या पानावर आपण दर वेळी एक विषय शिकतो. कधी व्याजाचा हिशोब, कधी बँकेचे कागद, कधी मुलींचे लसीकरण. या वेळच्या विषयाचे नाव जरा जड आहे: प्रतिजैविकांना होणारा प्रतिकार. प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक. आपण जिला ‘हाय पॉवरची गोळी’ म्हणतो, ती बहुतेक वेळा हीच असते. या गोळीने जंतू मरेनासा झाला, की त्याला प्रतिकार म्हणतात.

हा पाठ दिवाळीच्या आधी वाचून व्हावा असा माझा आग्रह आहे. दिवाळी झाली की महामार्गाच्या पूर्वेकडचे आपले बरेच पाडे रिकामे होतात. माणसं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती होळीला किंवा पावसाच्या तोंडावरच परत येतात. या पाठाचा त्या जाण्याशी संबंध आहे. कसा, ते आधी एका गोष्टीतून सांगते. जिची ही गोष्ट आहे, त्या ताईने सांगायला परवानगी दिली आहे. “माझं नाव नि पाड्याचं नाव तेवढं घालू नको,” एवढंच तिचं म्हणणं.

एका ताईची गोष्ट

गेल्या वर्षी आवणीच्या दिवसांत या ताईला खोकला लागला. आधी वाटलं पावसात भिजून झालं असेल. तीन आठवडे झाले तरी जाईना. आशाताईने तिचा बेडका तपासायला पाठवला आणि टीबी निघाला. साधा टीबी, सहा महिन्यांच्या औषधाने बरा होणारा. औषध फुकट सुरू झालं, खात्यात पोषणाचे पैसेही येऊ लागले. दोन महिन्यांत खोकला थांबला, भूक लागायला लागली, वजन वाढलं. सगळ्यांना वाटलं, बरी झाली.

दिवाळीनंतर नवऱ्याने उचल घेतली आणि कुटुंब भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर गेलं. जाताना तिने महिनाभराच्या गोळ्या बरोबर नेल्या. त्या संपल्या. पुढच्या आणायला एक दिवसाचा खाडा आणि गाडीभाडं. आणि बरं तर वाटतच होतं. तिने औषध सोडलं.

जानेवारीत खोकला परत आला. भट्टीजवळच्या दवाखान्यात सुई आणि तीन दिवसांच्या गोळ्या घेतल्या. “आधी काही औषध चालू होतं का?” असं तिथे विचारलं, तर ती “नाही” म्हणाली. टीबी आहे कळलं तर मुकादम घरी पाठवेल आणि उचल डोक्यावर राहील, ही भीती. नवरा रेशन घ्यायला इकडे आला की नाक्यावरच्या मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणि चार-सहा कॅप्सूल घेऊन जायचा. फेब्रुवारीत तिच्या जावेच्या हातून गटातून तीन हजारांचं कर्ज गेलं.

होळीला ती पाड्यावर आली तेव्हा मी तिला पाहिलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी तिला ओळखलंच नाही पहिल्यांदा.

पुन्हा तपासणी झाली. या वेळचा टीबी साधा नव्हता. रिफॅम्पिसिन नावाचं टीबीचं मुख्य औषध आहे, त्याला तो दाद देत नव्हता.

*थांबा आणि बोला: या गोष्टीत चूक कोणाची? प्रत्येकीने आपलं मत सांगावं. घाई करू नका.*

चौघांकडे चार तुकडे

आमच्याही बैठकीत हा प्रश्न निघाला. कोणी म्हणालं ताईचीच चूक, कोणी म्हणालं मेडिकलवाल्याची, कोणी आशाताईवर ढकललं. मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी सगळ्यांना एकत्र बसवलं. डॉक्टर, आशाताई, टीबीचं काम बघणारे पर्यवेक्षक, नाक्यावरचे मेडिकलवाले दादा आणि मी.

सुरुवातीला सगळेच स्वतःची बाजू सांभाळत होते. मेडिकलवाले दादा म्हणाले, “मी नाही दिलं तर शेजारचं दुकान देईल.” डॉक्टर म्हणाले, “सकाळची ओपीडी संपता संपत नाही. कोण कुठे गेलं हे मी कधी विचारणार?” आशाताई म्हणाली, “मी दोनदा घरी गेले. दाराला कुलूप. कुठली भट्टी ते विचारू कोणाला?”

त्यावर मी गप्प झाले. कारण ते उत्तर माझ्याकडे होतं.

गटाच्या हजेरीवहीत डिसेंबरपासून तिच्या नावासमोर लिहिलं होतं: “गैरहजर. कारण: स्थलांतर.” कोणत्या भट्टीवर, हे जावेने बैठकीत सांगितलंही होतं. कर्जाच्या वहीत लिहिलं होतं: “तीन हजार. कारण: आजारपण.” दोन्ही वह्या मी तपासल्या होत्या, दोन्हींवर माझी सही होती. कोणाचं आजारपण, कसलं, हे मी विचारलं नाही. हप्ता वेळेवर येईल ना, एवढंच पाहिलं.

म्हणजे असं झालं. आशाताईला ठाऊक होतं की औषध अर्धवट राहिलंय. मेडिकलवाल्यांना ठाऊक होतं की या माणसाच्या बायकोचा खोकला महिनाभर जात नाहीये. भट्टीजवळच्या डॉक्टरांनी तिला समोर पाहिलं होतं. आणि ती कुठे आहे, कशासाठी पैसे नेलेत, हे आपल्या गटाला ठाऊक होतं. चौघांकडे चार तुकडे. ते जोडले असते तर डिसेंबरातच कळलं असतं. कोणी वाईट वागलं नाही, भगिनींनो. फक्त कोणी कोणाशी बोललं नाही.

समाजकार्याच्या परीक्षेत मी ‘समन्वय’ या शब्दावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

जंतू औषधाला सरावतो म्हणजे काय

पश्चिम पट्ट्यातल्या वाडीवाल्या ताईंना हे समजायला वेळ लागणार नाही. मोगऱ्याच्या कळीत अळी पडली की आपण फवारणी करतो. पहिल्या वर्षी अळी पटापट मरते. तेच औषध दर आठवड्याला, अंदाजाने कमी-जास्त करून मारत राहिलं, की दोन-तीन वर्षांत अळी मरेनाशी होते. का? प्रत्येक फवारणीत कमजोर अळ्या मरतात आणि ज्या एक-दोन चिवट असतात त्या वाचतात. पुढची पिल्लं त्यांचीच. हळूहळू सगळी वाडी चिवट अळ्यांची होते.

शरीरातल्या जंतूंचंही तसंच आहे. औषध अर्धवट सोडलं, चुकीचं घेतलं किंवा गरज नसताना घेतलं, की कमजोर जंतू मरतात आणि चिवट उरतात.

इथे एक गैरसमज दूर करू. आपण म्हणतो, “माझ्या अंगाला या गोळीची सवय झाली.” सवय अंगाला होत नाही, जंतूला होते. आणि जंतू एका अंगात राहत नाही. खोकल्यातून, पाण्यातून, हातातून तो दुसऱ्याकडे जातो. म्हणून ज्या बाळाने आयुष्यात एकही चुकीची गोळी घेतलेली नाही, त्यालाही थेट चिवट जंतूच लागू शकतो. ही एकीच्या घरातली गोष्ट राहत नाही, सगळ्या पाड्याची होते.

दुसरी गोष्ट. प्रतिजैविक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. सर्दी, बहुतेक वेळा घसा दुखणं, फ्लूचा ताप हे विषाणूंमुळे होतात. त्यांना ही गोळी घेऊन फायदा शून्य, आणि पोटातले इतर जंतू मात्र चिवट व्हायला लागतात.

हा धोका आज कळलेला नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लंडनमध्ये पेनिसिलिन शोधलं. १९४५ मध्ये नोबेल पुरस्काराच्या भाषणात त्यांनीच बजावलं होतं की कमी डोस घेतला तर जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला सरावतील. आपल्याकडे पेनिसिलिन स्वस्तात मिळावं म्हणून पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. या औषधांनी बाळंतपणातल्या तापापासून न्यूमोनियापर्यंत असंख्य जीव वाचवले. तीच औषधं आता हातातून निसटत आहेत. शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली.

*थांबा आणि बोला: गेल्या सहा महिन्यांत तुमच्या घरात कोणी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ‘हाय पॉवरची गोळी’ घेतली का? कशासाठी? लाजू नका. मी स्वतः कॉलेजात असताना मैत्रिणीच्या उरलेल्या कॅप्सूल सर्दीवर घेतल्या आहेत.*

शेजारच्या मुंबईने हा धडा कसा घेतला

आपल्या विरारच्या लोकलने ज्या शहरात रोज हजारो माणसं कामाला जातात, त्या मुंबईत हे सगळं मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे.

२०१० मध्ये मुंबईतल्या खाजगी डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १०६ डॉक्टरांना विचारलं, टीबीच्या रुग्णाला तुम्ही कोणतं औषध द्याल? १०६ जणांनी मिळून ६३ वेगवेगळ्या तऱ्हेची औषधं लिहिली. बरोबर चिठ्ठी फक्त सहा जणांची होती. पुढे २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रुग्ण जगापुढे मांडले, ज्यांच्या टीबीवर त्या वेळी तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. त्यातल्या काहींनी दीड वर्षात सरासरी चार डॉक्टर बदलले होते, आणि प्रत्येकाने आपल्या अंदाजाने औषध वाढवलं होतं. त्या रुग्णांना काय नाव द्यावं यावर सरकार आणि डॉक्टरांमध्ये वाद झाला, पण धोका खरा आहे याबद्दल वाद नव्हता.

त्यानंतर काय केलं, ते आपल्याला शिकण्यासारखं आहे. २०१४ पासून मुंबईत एक प्रकल्प सुरू झाला. महापालिका आणि पाथ ही संस्था यांनी मिळून खाजगी डॉक्टर, औषध दुकानं आणि तपासणी केंद्रं यांना एका साखळीत आणलं. खाजगी डॉक्टरकडे गेलेल्या रुग्णालाही तपासणी आणि औषध मोफत मिळावं म्हणून चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठी घेऊन रुग्ण तपासणीला गेला की नाही, औषध नेलं की नाही, याची नोंद एकाच ठिकाणी होऊ लागली. कोणी मध्येच थांबलं तर त्याला फोन जाऊ लागला, घरी माणूस जाऊ लागला. “खाजगी डॉक्टर वाईट, सरकारी चांगले” असा हा धडा नव्हता. एकटा डॉक्टर, एकटं दुकान, एकटी प्रयोगशाळा हे काम करू शकत नाही, हा तो धडा होता.

कोणाच्या हातात काय आहे

आता आपल्या गावातली साखळी पाहू. प्रत्येकाचं काम वेगळं आहे, आणि प्रत्येकाला आपण काय विचारायचं तेही वेगळं आहे.

*डॉक्टर.* गोळी लागेल की नाही, कोणती, किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं. आपण विचारायचं: “डॉक्टर, हे प्रतिजैविक आहे का? किती दिवस घ्यायचं? बरं वाटलं तर काय करायचं?” आणि आधी घेतलेलं औषध कधीही लपवायचं नाही. जुन्या चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटं पिशवीत ठेवा, दाखवा. “चांगली सुई द्या” असं स्वतःहून मागू नका. आपल्या मागण्यामुळेही डॉक्टर औषध वाढवतात.

*प्रयोगशाळा.* कोणता जंतू आहे आणि कोणत्या औषधाने मरेल हे तपासणीतून कळतं. टीबीसाठी ट्रूनॅट नावाचं छोटं यंत्र आहे, ते आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने बनवलं. टीबी आहे का आणि तो रिफॅम्पिसिनला दाद देतो का, हे ते काही तासांत सांगतं. भट्टीवर घेतलेल्या तीन दिवसांच्या गोळ्यांचं नुकसान इथे कळतं. काही प्रतिजैविकं टीबीला चार दिवस दाबतात, मारत नाहीत. बरं वाटतं, तपासणी लांबते.

*मेडिकल.* दुकानातला फार्मासिस्ट हा शिकलेला माणूस असतो, नुसता विक्रेता नसतो. ज्या औषधांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत. सरकारने २०१६ पासून या लाल रेघेची मोहीम चालवली आहे. त्यातल्या जास्त ताकदीच्या प्रतिजैविकांसाठी आणि टीबीच्या औषधांसाठी मार्च २०१४ पासून आणखी कडक नियम आहे. दुकानदाराने डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची. म्हणजे जशी आपली कर्जाची वही, तशी त्यांचीही एक वही आहे.

*आशाताई, नर्सताई आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी.* घरापर्यंत पोचणारी माणसं हीच. गोळी कुठे थांबली हे त्यांना सगळ्यात आधी कळू शकतं, पण आपण दार उघडलं तर. त्यांच्याकडून बाळाचं लसीकरण पूर्ण करून घ्या. आजारच झाला नाही तर गोळीच लागत नाही. हात धुणं, पावसाळ्यात पाणी उकळणं हेही याच लढाईतलं काम आहे.

*पशुवैद्यक आणि पशुसखी.* हे नाव इथे बघून आश्चर्य वाटलं का? माणसाची आणि जनावराची बरीच प्रतिजैविकं एकच असतात. कोंबड्यांत मर लागली की आपण माणसाच्या उरलेल्या कॅप्सूल फोडून दाण्यात मिसळतो. मानमोडी हा विषाणूचा आजार आहे, कॅप्सूलने तो जात नाही. त्याला लसच लागते, आणि ती पशुसखीकडून वेळेवर करून घ्यायची. गाय किंवा म्हशीला कासेच्या आजारासाठी सुई दिली, तर किती दिवस दूध वापरायचं नाही ते विचारून घ्या, आणि तेवढे दिवस ते विकू नका, पोरांनाही देऊ नका. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या टप्प्यावर राखून ठेवलेलं औषध आहे. ते कोंबड्यांच्या खाद्यात वापरलं जात होतं, म्हणून केंद्र सरकारने २०१९ मध्ये त्यावर बंदी आणली.

*आणि आपण.* औषध कोणीही लिहो, कोणीही विको, शेवटी ते घरातल्या बाईच्या हातातून तोंडात जातं. लेकराला किती चमचे, सासूला कोणत्या वेळी, बकरीला काय, हे आपणच ठरवतो. साखळीतली शेवटची कडी आपणच आहोत.

*थांबा आणि बोला: तुमच्या गावातल्या या पाच माणसांपैकी कोण कोण एकमेकांना ओळखतात? कोणाचा फोन कोणाकडे आहे?*

आपण काय ठरवलं

त्या बैठकीनंतर आम्ही काही साध्या गोष्टी ठरवल्या. तुमच्या गटालाही जमतील.

१. जाण्याआधीची नोंद. दिवाळीआधीच्या बैठकीत गटाच्या सचिवाने विचारायचं: घरात कोणाचं लांबचं औषध चालू आहे का आणि बाहेर जायचं आहे का? असेल तर कुठे, कधीपर्यंत, हे आशाताईला सांगायचं. टीबीच्या रुग्णाला निक्षय क्रमांक असतो. जाण्याआधी कळवलं तर नोंद दुसरीकडे हलवता येते आणि जिथे जाल तिथल्या सरकारी केंद्रातून औषध मिळतं. त्यासाठी भाड्याचे पैसे घालून परत यावं लागत नाही. हे आपल्या ताईला कोणी सांगितलंच नव्हतं.

२. ‘आजारपण’ या शब्दापुढे एक प्रश्न. गटातून आजारपणासाठी कर्ज दिलं, तर दोन दिवसांत एका ताईने घरी जाऊन यायचं. कोणत्या डॉक्टरकडे गेलात, तपासणी झाली का, एवढंच विचारायचं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सोबत घेऊन केंद्रात जायचं. टीबीची तपासणी आणि औषध मोफत आहे, ताईने त्यासाठी कर्ज काढायची गरजच नव्हती. उपचार चालू असताना निक्षय पोषण योजनेतून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये मिळतात. शंका असेल तर टीबीचा मोफत फोन आहे: १८००-११-६६६६.

३. मेडिकलवाल्यांशी बोलणं. भांडण नाही, बोलणं. आमच्या नाक्यावरचे दादा आता खोकल्याची बाटली तिसऱ्यांदा मागणाऱ्याला आशाताईचा नंबर देतात. गटातल्या बायकांनी चिठ्ठीशिवाय लाल रेघेची गोळी मागायची नाही असं ठरवलं, तेव्हा तेही तयार झाले. “तुम्हीच मागत नसाल तर मी कशाला देईन?” म्हणाले.

४. महिन्यातून एकदा एकत्र बसणं. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक गावात असते आणि तिथे बचत गटाच्या महिलांना जागा असते. त्या बैठकीला आशाताई, नर्सताई, पशुसखी आणि जमल्यास मेडिकलवाल्यांना बोलवा. विषय एकच ठेवा: या महिन्यात औषध मध्येच सोडलेलं कोणी आहे का?

५. उरलेली गोळी. दुसऱ्याला द्यायची नाही, पुढच्या आजारासाठी ठेवायची नाही, कोंबडीला घालायची नाही, खाडीत किंवा विहिरीजवळ टाकायची नाही. मेडिकलमध्ये किंवा उपकेंद्रात विचारून द्यायची.

एक काळजी मात्र घ्या. माहिती जोडणं वेगळं आणि चावडीवर चर्चा करणं वेगळं. कोणाला टीबी आहे हे भर बैठकीत नाव घेऊन विचारायचं नाही. ज्या बाईचा आजार तिच्या परवानगीशिवाय फुटला, ती पुढच्या वेळी डॉक्टरांनाही खरं सांगणार नाही. आपल्या ताईने भट्टीजवळच्या दवाखान्यात खोटं सांगितलं ते याच भीतीने. म्हणून सचिव आणि आशाताई या दोघींतच ही गोष्ट राहू द्या. मुकादमाला कळवायचं की नाही, ते ज्याचं त्याला ठरवू द्या.

ताई आता कशी आहे

तिचं औषध अजून चालू आहे. या वेळच्या गोळ्या जड आहेत. सुरुवातीला उलट्या व्हायच्या, पायांना मुंग्या यायच्या. मुंग्यांचं आशाताईने डॉक्टरांना लगेच कळवलं, म्हणून औषधात वेळीच बदल करता आला. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. या वर्षी ती भट्टीवर जाणार नाही. फिटायची राहिलेली उचल अजून आहे, आणि नवऱ्याला ती एकट्यानेच फेडायची आहे. गटाने तिचे हप्ते चार महिने पुढे ढकलले. तो ठराव तिच्या जावेने मांडला आणि सगळ्यांनी हात वर केले.

अर्धवट राहिलेलं औषध काही महिन्यांचंच होतं. ते महिने पुरे झाले असते, तर हे वर्ष तिचं असं गेलं नसतं, हे मला रोज आठवतं.

गेल्या बैठकीला ती आली होती. दाराजवळ, वाऱ्याच्या बाजूला बसली. हजेरी घेताना सचिवाने तिचं नाव पुकारलं आणि ती “हजर” म्हणाली. वही माझ्यासमोर होती. त्या महिन्यात आणखी दोन नावांपुढे “गैरहजर” होतं. या वेळी मी कारण विचारलं.

घरी जाण्याआधी

प्रत्येक गटाने खालच्या तीन प्रश्नांची उत्तरं ठराव वहीत लिहून पुढच्या महिन्यात महासंघाकडे पाठवावीत.

• दिवाळीनंतर आपल्या गटातल्या किती जणी बाहेर जाणार आहेत? त्यांच्यापैकी कोणाच्या घरी लांबचं औषध चालू आहे का? (संख्या लिहा, नावं लिहू नका.)

• गेल्या वर्षभरात ‘आजारपण’ या कारणाने गटातून किती कर्जं गेली? त्यातली किती सरकारी तपासणी झाली असती तर टळली असती?

• आशाताई, नर्सताई, पशुसखी, मेडिकल आणि डॉक्टर यांना एकत्र बसवायची जबाबदारी कोणती ताई घेणार?

दर वर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा जगभर याच विषयासाठी पाळला जातो. त्या आठवड्यात फलक आणि फेरी करायची असेल तर जरूर करा. पण त्याआधी आपल्या वहीतली “गैरहजर” नावं एकदा वाचा, आणि आशाताईला फोन करा.

आपली,
क्षेत्र समन्वयक